फ्रॉइड यांचे शनिवार-रविवार

ज्या घरात कर्करोगाचे उपचार सुरू असतात, त्या घराची दिनदर्शिका वेगळीच असते. सोमवार ते शुक्रवार हे दिवस रुग्णालयाचे. किरणोपचारांची रांग, रक्ताच्या चाचण्या, डॉक्टरांची भेट यांत ते कसे सरतात ते कळत नाही. शनिवार-रविवारी मात्र बाह्यरुग्ण विभाग ओस पडतो, यंत्रे विसावतात आणि दोन दिवसांपुरता का होईना, माणूस पुन्हा कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा पत्त्यांतला भिडू होऊ पाहतो. या दोन दिवसांची नोंद केसपेपरवर होत नाही. रोगाशी झुंज म्हणून आपण ज्याचे वर्णन करतो, त्याचा बराचसा भाग मात्र याच दोन दिवसांत घडत असतो.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या आयुष्यातील अखेरची सोळा वर्षे कर्करोगाच्या सहवासात गेली. त्यांच्या सिद्धांतांवर शंभर वर्षे वाद झाले, अजूनही होतात. त्या वादांत न पडताही या माणसाकडे पाहता येते. एप्रिल १९२३ मधील पहिल्या शस्त्रक्रियेपासून सप्टेंबर १९३९ मधील मृत्यूपर्यंत त्यांच्या वाट्याला सुमारे साडेआठशे शनिवार-रविवार आले. ते त्यांनी कसे घालवले, याची ही हकिकत.

फ्रॉइड यांचा जन्म ६ मे १८५६ रोजी मोराव्हियातील फ्रायबर्ग या लहानशा गावी झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. १८६० मध्ये हे ज्यू कुटुंब व्हिएन्नात स्थायिक झाले. १८८६ मध्ये मार्था बर्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला, सहा अपत्ये झाली आणि १८९१ पासून बेर्गगासे १९ हा त्यांचा पत्ता झाला. त्याच इमारतीत राहणे, तेथेच रुग्ण पाहणे, तेथेच लिहिणे, असा क्रम पुढे ४७ वर्षे चालला. हा गृहस्थ घड्याळाच्या काट्यावर चालणारा होता. सकाळपासून रुग्ण, दुपारी एकच्या ठोक्याला सहकुटुंब भोजन, त्यानंतर शहरात भरभर चालत फेरफटका, पुन्हा रुग्ण आणि रात्री उशिरापर्यंत लेखन. दिवसाकाठी वीसएक सिगारही ठरलेल्या.

आठवड्याचा शेवटही असाच ठरलेला होता. शनिवारी सायंकाळी विद्यापीठातील व्याख्यान आटोपले, की स्वारी नेत्रतज्ज्ञ मित्र लेओपोल्ड क्योनिगश्टाइन यांच्या घरी टारॉक खेळायला निघे. टारॉक हा मध्य युरोपातील जुना पत्त्यांचा खेळ. हुकमाची बावीस पाने निराळीच असणारा, हिशेबाचा आणि स्मरणशक्तीचा. भिडू वर्षानुवर्षे तेच. क्योनिगश्टाइन, मुलांचे डॉक्टर ऑस्कर री आणि लुडविग रोझेनबर्ग. सारेच डॉक्टर असले, तरी मनोविश्लेषणाची चळवळ, तिच्यातील भांडणे, फुटलेले शिष्य यांपैकी काहीही त्या टेबलावर येत नसे. तेथे फक्त पाने वाटली जात.

रविवार आईचा. सकाळी मुलांपैकी कुणाला तरी सोबत घेऊन फ्रॉइड आईच्या घरी जात. सायंकाळी आई आणि बहिणी बेर्गगासेवर जेवायला येत. आईचे नाव अमालिया. ज्येष्ठ पुत्रावर तिचा अतोनात जीव. जगभर नावाजलेला, पिकल्या दाढीचा हा प्राध्यापक तिच्या लेखी शेवटपर्यंत तिचा सोन्याच राहिला. पाहुणे गेल्यावर उरलेला रविवार पत्रांचा आणि लेखनाचा असे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये या घडी बसलेल्या आयुष्याला तडा गेला. तोंडात, उजव्या बाजूच्या टाळूवर आणि जबड्यावर काहीतरी वाढत असल्याचे फ्रॉइड यांच्या लक्षात आले. ते स्वतः डॉक्टर होते. धूम्रपानाने तोंडात उमटणारे पांढरे चट्टे आणि त्यांतून संभवणारा धोका त्यांना ठाऊक होता. तरीही दोन महिने त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. डॉक्टरांना दाखवले, की पहिला हुकूम सिगार सोडण्याचा निघणार, हे त्यांना कळत होते. आपल्याकडे तंबाखूची पुडी खिशात ठेवून तोंडातला चट्टा आरशात पाहणारी माणसे काही वेगळे वागत नाहीत. मनाची पळवाट शोधणे हा ज्याचा व्यवसाय, तोही त्याच वाटेने गेला.

एप्रिलमध्ये त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी तोंड पाहिले आणि रोग ओळखला. फ्रॉइड यांना मात्र त्यांनी साधा चट्टा असल्याचे सांगितले. मार्कुस हायेक या नाक-घसातज्ज्ञांकडे बाह्यरुग्ण विभागात किरकोळ म्हणून शस्त्रक्रिया झाली. घरी कुणाला कल्पनाही नव्हती. रक्तस्राव अपेक्षेपेक्षा खूपच अधिक झाला, तेव्हा घरी निरोप गेला. मार्था आणि धाकटी मुलगी अॅना धावत आल्या. दुपारच्या वेळेत नातेवाइकांना थांबता येत नसल्याने त्यांना परत पाठवण्यात आले. फ्रॉइड एका छोट्या खोलीत होते. सोबतीला एक बुटका, गतिमंद मानला जाणारा तरुण रुग्ण. त्या दुपारी पुन्हा रक्त वाहू लागले. फ्रॉइड यांना बोलता येईना आणि बोलावण्याची घंटा बिघडलेली. त्या मुलाने धावत जाऊन परिचारिकेला आणले. फ्रॉइड यांचा जीव बहुधा त्याच्यामुळेच वाचला. त्या रात्री अॅना वडिलांच्या उशाशी बसून राहिली. ती पुढे सोळा वर्षे तेथून हललीच नाही, असे म्हटले तरी चालेल.

त्याच जूनमध्ये घरावर दुसरा घाव बसला. मुलगी सोफी १९२० मध्ये फ्लूने गेली होती. तिचा साडेचार वर्षांचा धाकटा मुलगा हाइनेले क्षयाने दगावला. आजोबांचा तो अत्यंत लाडका. फ्रॉइड यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचे कुटुंबीयांना या एकाच प्रसंगी आठवते. स्वतःच्या रोगापेक्षा या मुलाच्या जाण्याने आपली जगण्यातील गोडी संपली, असे त्यांनी पुढे कबूल केले.

तिकडे निदान दडवण्याचा खेळ चालूच होता. डॉक्टरांना ठाऊक होते, ऑगस्टच्या अखेरीस निकटच्या शिष्यांनाही कळले, ठाऊक नव्हते ते रुग्णालाच. या माणसाला सत्य सोसणार नाही, अशी साऱ्यांची भाबडी समजूत. सप्टेंबरमध्ये अॅनाला रोम दाखवण्याचा बेत फ्रॉइड यांनी पार पाडला. वाटेत आगगाडीत न्याहारी करताना त्यांच्या तोंडातून रक्ताची धार लागली. बापलेक काय ते समजून चुकले, तरीही दोघांनी रोम मनसोक्त पाहिले. परतल्यावर खरे कळले, तेव्हा फ्रॉइड संतापले. रोगाचे त्यांना तितकेसे वाटले नाही. आपल्याला विश्वासात न घेता आपल्या आयुष्याचा निर्णय इतरांनी करावा, हे त्यांना अपमानास्पद वाटले. डॉइच यांची वैयक्तिक डॉक्टर म्हणून जागा गेली.

खरी मोठी शस्त्रक्रिया ऑक्टोबर १९२३ मध्ये झाली. हान्स पिचलर हे जबड्याच्या शस्त्रक्रियांतील निष्णात सर्जन. त्यांनी दोन टप्प्यांत उजवा वरचा जबडा आणि टाळूचा बराचसा भाग काढून टाकला. हे सारे जागेवरच्या भुलीवर. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा शस्त्रक्रिया करावी लागली. आता तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच उरला नाही. बोलले की आवाज नाकात जाई, गिळले की अन्न वर येई. हा खिंडार बुजवण्यासाठी कवळीसारखा एक मोठा कृत्रिम जबडा बनवण्यात आला. घरात त्याला राक्षस म्हणत. तो घट्ट बसवला तर जखमा होत, सैल ठेवला तर बोलणे आणि खाणे अशक्य होई. दररोज तो काढायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा, हे काम अॅनाचे. बापलेकींमध्ये एक करार झाला होता. हे काम करताना कुणीही हळहळायचे नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही. शल्यकर्म करावे तसे ते करायचे.

जानेवारी १९२४ मध्ये फ्रॉइड पुन्हा रुग्ण पाहू लागले. उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते, म्हणून कोच आणि खुर्ची यांच्या जागा बदलल्या. डाव्या कानाशी रुग्णाचा आवाज येईल, अशी मांडणी झाली. जबडा आवळून धरल्यासारखा झाल्याने तोंड पुरेसे उघडत नसे. अशा वेळी दातांच्या फटीत कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा सरकवून ते सिगारपुरती जागा करीत. डॉक्टरांची बोलणी खाल्ली, काही काळ सिगार सोडली, पुन्हा धरली. सिगारशिवाय लिहिता येत नाही, या एका बाबतीत ते कुणाचे ऐकत नव्हते. नवा पांढरा चट्टा उमटायचा, तो पुढे रोगात बदलू नये म्हणून पिचलर कापून वा जाळून काढायचे, जखम भरायची, जबड्याचे माप पुन्हा घ्यायचे. सोळा वर्षांत अशा लहानमोठ्या ३३ शस्त्रक्रिया झाल्या. वेदनाशामक म्हणून घ्यायचे ते बहुतेक वेळा फक्त अॅस्पिरिन. डोके बधिर करणारे औषध त्यांना नको होते.

या साऱ्यात शनिवारचा टारॉक थांबला नाही. अर्थात तो पूर्वीसारखाही राहिला नाही. क्योनिगश्टाइन १९२४ मध्ये गेले. आता डाव बेर्गगासेवर पडू लागला. १९२८ मध्ये रोझेनबर्ग गेले, १९३१ मध्ये ऑस्कर री. ज्याच्या मरणाची साऱ्यांनी धास्ती घेतली होती, तो पाने पिसत बसला आणि धडधाकट भिडू एकेक करून उठून गेले. मोकळ्या झालेल्या खुर्च्यांवर घरातली माणसे येऊन बसू लागली. पत्त्यांच्या टेबलाची एक सोय होती. तेथे फार बोलावे लागत नाही. ज्याला प्रत्येक शब्द जबड्याशी झगडून उच्चारावा लागतो, त्याच्यासाठी ही सोय लहान नव्हती. परक्या माणसांसमोर जेवणे फ्रॉइड यांनी जवळपास सोडलेच होते. पानांचा डाव मात्र कुणासोबतही, कितीही वेळ चालू शकत होता.

रविवारही टिकले. उतारवयात पोहोचलेला, तोंडात राक्षस बसवलेला मुलगा नव्वदी गाठलेल्या आईला भेटायला जातच राहिला. त्याच्या मनात एक भीती घर करून होती. आपण आईच्या आधी गेलो, तर ती बातमी तिला कुणी तरी सांगणार. तिला तो घाव बसू नये, एवढ्यासाठी तरी आपल्याला मरायची मुभा नाही, असे त्यांना वाटे. १२ सप्टेंबर १९३० रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, अमालिया गेल्या. फ्रॉइड यांची प्रकृती बरी नव्हती. अंत्यविधीला ते गेले नाहीत, अॅना गेली. आपल्याला दुःखापेक्षा सुटकेची भावना अधिक जाणवते आहे, असे त्यांनी जवळच्या मित्रांना प्रांजळपणे कळवले. आता आपल्याला मरायला हरकत नाही, हा त्या सुटकेचा अर्थ होता. आईला दिलेला, न बोललेला शब्द पाळून झाला होता.

मोकळ्या झालेल्या रविवारांना त्याच सुमारास नवे ठिकाण मिळाले. अॅना आणि तिची अमेरिकन मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम यांनी १९३० मध्ये व्हिएन्नापासून मोटारीने सुमारे पाऊण तासावर, होखरोटेर्ड येथे एक शेतघर विकत घेतले. गाय, कोंबड्या, भाजीचा मळा असा तेथील सरंजाम. सुटीच्या दिवशी मंडळी तेथे जात, फ्रॉइडही कधी जात. एरवी आठवडाभर लोकांच्या मनांतील अंधारे कोपरे धुंडाळणारी अॅना येताना अंडी, दूध आणि भाजी घेऊन येई. घरात कुत्री आली होती. आधी अॅनासाठी वोल्फ हा अल्सेशियन, मग फ्रॉइड यांच्यासाठी चाऊ जातीची कुत्री. त्यांतील योफी रुग्ण तपासताना खोलीतच पडून राही. तास संपत आला, की ती अंग झाडून उठे. घड्याळ पाहण्याची गरज पडत नसे. जानेवारी १९३७ मध्ये योफी मेली, तेव्हा फ्रॉइड कमालीचे खिन्न झाले.

मित्रांच्या जागा रिकाम्या होत असताना एक माणूस मात्र नव्याने आला. मॅक्स शूर. १९२९ मध्ये या तरुण डॉक्टरांनी फ्रॉइड यांच्या प्रकृतीची जबाबदारी घेतली. पहिल्याच भेटीत फ्रॉइड यांनी दोन अटी घातल्या. कधीही खोटे बोलायचे नाही आणि वेळ येईल तेव्हा विनाकारण यातना भोगू द्यायच्या नाहीत. शूर यांनी हात पुढे केला. १९२३ च्या फसवणुकीचा हा सहा वर्षांनी काढलेला धडा होता.

याच काळात १९२६, १९२७ आणि १९३० मध्ये त्यांची महत्त्वाची पुस्तके आली. १९३० मध्ये फ्रँकफर्ट शहराचा ग्योटे पुरस्कार मिळाला. तो स्वीकारायलाही अॅनाच गेली. पंचाहत्तरीनिमित्त १९३१ मध्ये कोलकात्याहून गिरींद्रशेखर बोस यांच्या भारतीय मनोविश्लेषण संस्थेने हस्तिदंती विष्णूमूर्ती धाडली. दोन हजारांहून अधिक प्राचीन वस्तूंच्या त्यांच्या संग्रहात तिला लिहिण्याच्या टेबलावर मानाची जागा मिळाली. देव न मानणारा हा माणूस रविवारची पत्रे लिहायला बसे, तेव्हा समोर इजिप्त, ग्रीस, चीन येथील देवतांच्या रांगेत आपला विष्णूही असे.

जुलै १९३६ मध्ये तोंडात कर्करोग पुन्हा डोके वर काढत असल्याचे निश्चित झाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. २२ मार्चला गेस्टापोने अॅनाला चौकशीसाठी नेले. तो दिवस फ्रॉइड यांनी खोलीत येरझारा घालत काढला. सायंकाळी ती सुखरूप परतली आणि व्हिएन्ना सोडायचे ठरले. परवान्यांची वाट पाहण्यात आठवडे गेले. त्या आठवड्यांत बापलेकींनी वेळ घालवण्यासाठी एका पुस्तकाचा जर्मन अनुवाद पुरा केला. मेरी बोनापार्ट या शिष्येने आपल्या टॉप्सी नावाच्या कुत्रीवर लिहिलेले ते पुस्तक. टॉप्सीही चाऊ जातीची, तिच्याही तोंडात उजव्या बाजूला कर्करोगाची गाठ. किरणोपचारांनी ती वाचली होती. अनुवादासाठी हेच पुस्तक हाती का आले असावे, हे सांगायला मनोविश्लेषकाची गरज नाही.

४ जून १९३८ हा शनिवार होता. त्या दिवशी ८२ वर्षांचे फ्रॉइड मार्था, अॅना, घरकामाला असलेली पाउला आणि कुत्री ल्यून यांच्यासह ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये बसले. शूर यांच्यावर ऐनवेळी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्याने डॉ. योझेफिने श्ट्रोस सोबत होत्या. मध्यरात्रीनंतर गाडीने फ्रान्सची हद्द गाठली. रविवार पॅरिसमध्ये मेरी बोनापार्ट यांच्या बागेत गेला. पूर्वीचे रविवार ज्यांच्या येण्याने भरत, त्यांतील चार वृद्ध बहिणी मात्र व्हिएन्नातच राहिल्या. त्यांच्यासाठी पैशांची तजवीज करून ठेवलेली होती. पुढे त्या चौघींचाही नाझी छावण्यांत अंत झाला. ते कळायला फ्रॉइड उरले नव्हते.

लंडनमध्ये सप्टेंबर १९३८ मध्ये पिचलर विमानाने येऊन अखेरची मोठी शस्त्रक्रिया करून गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस कुटुंब २०, मॅर्सफील्ड गार्डन्स या घरात राहायला गेले. वास्तुविशारद मुलगा अर्न्स्ट आणि पाउला यांनी व्हिएन्नातील अभ्यासिका, तेथील कोच आणि टेबलावरील मूर्ती जशाच्या तशा मांडल्या. ल्यून नियमानुसार सहा महिने विलगवासात होती. फ्रॉइड तिला भेटायला तेथे जात. २८ जानेवारी १९३९ रोजी, शनिवारीच, लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ चहाला आले. म्हाताऱ्या यजमानाने व्हर्जिनियाला नर्गिसचे फूल दिले. थोड्याच दिवसांत रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्याचे स्पष्ट झाले. पॅरिसहून तज्ज्ञ आले, लंडनमध्ये रोज किरणोपचार झाले, थकवा वाढला, यातना वाढल्या. तरीही रुग्ण पाहणे १ ऑगस्टपर्यंत चालू होते.

शेवटचे आठवडे फार कठीण गेले. गालाला भोक पडले. जखमेच्या दुर्गंधीमुळे ल्यून जवळ येईना, कोपऱ्यात दूर बसून राही. माशांसाठी पलंगावर मच्छरदाणी लावावी लागली. बाग दिसावी म्हणून पलंग अभ्यासिकेतच आणला होता. वाचनाला शेवटचे पुस्तक बाल्झाकचे, आकसत जाणाऱ्या जादूच्या कातड्याची कथा सांगणारे. ते संपले. २१ सप्टेंबरला फ्रॉइड यांनी शूर यांना दहा वर्षांपूर्वीच्या शब्दाची आठवण दिली आणि अॅनाशी बोलून घ्यायला सांगितले. अॅनाला ते मान्य करणे जड गेले, पण तिने केले. मॉर्फिन देण्यात आले. फ्रॉइड शांत झोपेत गेले. २३ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. तो दिवसही शनिवारच होता.

अॅना १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच घरात राहिली आणि लहान मुलांच्या मनोविश्लेषणात तिने स्वतःचे नाव केले. वडिलांची अभ्यासिका तिने हलवली नाही. १९८६ पासून ते घर संग्रहालय आहे. पाहुणे तेथे प्रसिद्ध कोच पाहायला जातात, तो पाहून निघतात. फ्रॉइड यांच्या सिद्धांतांपैकी काय टिकेल आणि काय नाही, हे तज्ज्ञ ठरवतील. उपचार चालू असलेल्या घरातल्या माणसांना मात्र या आयुष्यातून घेण्यासारखे काही साधे आहे. रुग्णाशी खरे बोलावे, हे पहिले. आणि शनिवारी डाव मांडायची पद्धत असेल, तर भिडू कमी झाले तरी तो मांडावा.